दोन ते चारचा पहारा : सप्ताह समितीला खुले पत्र

मा. अध्यक्ष, सचिव आणि सर्व सभासद,
अखंड हरिनाम सप्ताह समिती,
ता. आर्वी, जि. वर्धा

सर्वांना रामकृष्ण हरी.

गावाचं नाव वर मुद्दाम घातलं नाही. ज्यांना कळायचं त्यांना ते कळेलच. ज्यांना कळणार नाही त्यांच्याही गावात असाच एक फॉर्म निघाला असेल, म्हणून पत्र उघडंच ठेवतो आहे. बैठकीत बोलायचा प्रयत्न केला होता. पण बैठकीत मंडपवाल्याचा हिशेब निघाला, मग जनरेटरचा निघाला, मग रात्रीचे अकरा वाजले आणि माझं बोलणं राहून गेलं.

विषय फॉर्मचाच आहे. यंदाच्या सप्ताहात हरिपाठाच्या रांगेत उभं राहायचं असेल तर प्रत्येक मुलाने फॉर्म भरून द्यायचा, असं तुम्ही ठरवलं. अर्ध्या पानाची झेरॉक्स. नाव, इयत्ता, वडिलांचं नाव, मोबाइल नंबर. त्याखाली दोन प्रश्न : वडील माळकरी आहेत काय? घरात कोणी व्यसनी आहे काय? होय किंवा नाही यावर खूण करायची, खाली पालकाची सही. ज्यांची उत्तरं समितीला पटतील त्यांना टाळ, बाकीच्यांनी मंडपात बसून ऐकायचं.

देवळात संध्याकाळचा हरिपाठ मी घेतो, त्याला आता चौदा वर्षं झाली. यंदा सव्वीस पोरं आहेत, त्यात नऊ मुली. हे फॉर्म मीच वाटले, हेही कबूल करतो. वाटताना वाचले नव्हते. गठ्ठा हातात आला, मी दिला. परत आले तेव्हा वाचले.

सव्वीसपैकी पंचवीस फॉर्मवर तुम्हाला हवी तीच उत्तरं होती. त्या पंचवीसपैकी निदान आठ घरांत दिवेलागणीनंतर काय चालतं ते मला माहीत आहे, तुम्हाला माहीत आहे आणि किराणावाल्यालाही माहीत आहे. एका पोराने मात्र खरं लिहिलं. सहावीत आहे. सगळा हरिपाठ तोंडपाठ. मी अडखळलो तर पुढची ओळ तोच देतो. त्याने पहिल्या प्रश्नापुढे ‘नाही’वर आणि दुसऱ्यापुढे ‘होय’वर खूण केली आणि पालकाच्या सहीच्या जागी स्वतःचंच नाव लिहिलं, शाळेच्या वहीवर लिहितात तसं, आडनाव आधी. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, असं काहून लिहिलं बापू? तो म्हणाला, “सर, तुमीच त सांगतलं होतं, देवळात खोटं बोलू नोका म्हणून.”

तुम्ही त्याचा टाळ परत घेतलात. म्हणजे खोटं लिहिणाऱ्या पोरांना टाळ मिळाले आणि खरं लिहिणाऱ्याचा गेला. एवढं एकच वाक्य लिहून पत्र संपवता आलं असतं. पण अजून सांगायचं आहे.

आधी तुमच्या बाजूचं. तुमचा राग मला कळतो. मागे काल्याच्या कीर्तनात एक जण पिऊन मंडपात शिरला, नाचता नाचता मृदंगावर पडला आणि पुडी फाटली, तेव्हा मी तिथेच होतो. मृदंगाचार्य बाहेरगावचा पाहुणा. भरल्या डोळ्यांनी फाटकी पुडी बोटाने चाचपत होता. बायाबापड्या पोरांना ओढत मागे सरकल्या. त्या रात्री आपल्या सगळ्यांच्याच माना खाली गेल्या. असा प्रकार पुन्हा होऊ नये, सप्ताहात सोवळंओवळं नसलं तरी शिस्त असावी, हे मला शंभर टक्के मान्य. प्यालेल्याने वीणेला हात लावायचा नाही, मंडपात यायचं नाही, हेही मान्य. पण त्या प्याल्याची सजा पोरांना लावायची, हे मला पटत नाही. आणि का पटत नाही ते सांगायला मला माझ्या बापाला मध्ये आणावं लागतंय. जुन्या माणसांना ही हकिगत माहीत आहे. नव्यांना नसेल.

आपला जिल्हा १९७५ पासून दारूबंदीचा. कागदावर. वर्धा नदी ओलांडली की अमरावती जिल्हा लागतो, तिकडे बंदी नाही. त्याच नदीच्या पलीकडच्या काठावर कौंडण्यपूर, रुक्मिणीचं माहेर. माझा बाप नदीकडे निघाला की माय विचारायची नाही, नुसती बघायची. एकादशी असली तर देऊळ. कापसाचा चुकारा हातात आला असला तर कुठे, ते सांगायची गरज नसे. वाट दोन्हीकडे एकच होती.

आम्हा पोरांकडे मात्र पक्की खूण होती. दारामागे, कंदिलाच्या शेजारी, भिंतीत एक खुंटी होती. बाबा प्यायला जाण्याआधी हातपाय धुवायचे, गळ्यातली तुळशीची माळ काढायचे, कपाळाला लावायचे आणि त्या खुंटीला अडकवून बाहेर पडायचे. माळ गळ्यात असताना त्यांनी कधी थेंब घेतला नाही. हा त्यांचा नेम. हसू नका, नेमच म्हणायचा त्याला. शाळेतून आलो की आमची पहिली नजर खुंटीकडे. खुंटी रिकामी असली तर त्या रात्री घरात रेडिओ लागायचा. माळ लटकत असली की धाकटी बहीण काही न बोलता पाटी-पुस्तक उचलून काकूच्या घरी झोपायला जायची.

बारा वर्षांचा असताना एकदा मी ती माळ खुंटीवरून काढून चुलीत टाकली. मायने हाताने विस्तव उकरला. नऊ मणी जळून गेले होते, बाकीचे काळवंडले. तिने ते गोणीच्या सुतळीत ओवले आणि माळ पुन्हा होती तिथे लावली. बाबा रात्री आले, सकाळी उठून आंघोळ केली, माळ घातली. जपाला बसले. जपाला बसणाऱ्याच्या बोटांना मणी कमी झालेले कळतातच. त्यांनी मला त्या दिवशी विचारलं नाही आणि पुढेही कधी विचारलं नाही.

मग १९८४ चा सप्ताह आला. नव्या सभासदांपैकी ज्यांनी कधी पहारा केला नसेल त्यांच्यासाठी सांगतो : सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात, दोन-दोन तासांचे पहारे. संध्याकाळच्या पहाऱ्यासाठी नावं जास्त होतात, मंडप भरलेला असतो, गावाला दिसतं. पहाटे काकड्याच्या वेळचाही कोणी सोडत नाही. रात्री दोन ते चारला मात्र नाव लिहायला माणूस मिळत नाही. माघाची थंडी, कीर्तन संपून लोक घरी गेलेले, सतरंजीवर दोन-चार म्हातारे घोरत पडलेले, मंडपात कुत्री आणि वीणेकरी.

तेव्हाचे वीणेकरी बुवा एका संध्याकाळी आमच्या अंगणात आले. त्यांचा नातू आज समितीत आहे, म्हणून नाव घेत नाही. बाबा खाटेवर आडवे होते. बुवांनी दारातून आत पाहिलं, खुंटीवरची माळ पाहिली आणि म्हणाले, “दोन ते चार तुह्याकडे लिहिलं. प्याला असशीन त येऊ नोको. नसशीन त ये.”

बाबा म्हणाले, “अन् नाही आलो त?”

“त मी उभा राहीन. माहे गुडघे दुखतात, मंग तू पाह्य.”

पहिल्या रात्री बाबा गेले नाहीत. बुवा बारापासून चारपर्यंत एकटे उभे राहिले, हे सकाळी गावाला कळलं, आम्हालाही कळलं. दुसऱ्या रात्री दीडच्या सुमाराला घागरीतून पाणी ओतल्याचा आवाज आला. बाबा अंगणात थंड पाण्याने हातपाय धूत होते. माळ घातली, घोंगडं घेतलं. मी त्यांच्या मागे मागे गेलो, सांगितलं नव्हतं तरी. बुवांनी वीणा स्वतःच्या गळ्यातून काढून बाबांच्या गळ्यात घातली, तार एक क्षण थांबू दिली नाही, आणि मग वाकून बाबांच्या पाया पडले.

वारकऱ्यांची ही रीतच आहे. वीणा देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो, घेणारा देणाऱ्याच्या. मी ते शंभर वेळा पाहिलं होतं. पण माझ्या बापाच्या पाया कोणी पडलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं. सावकाराच्या दारात तो हात जोडून उभा असायचा, कापूस सेंटरवर गाड्यांच्या रांगेत दोन दोन दिवस काढून शेवटी ग्रेडरपुढे हात जोडायचा. आणि इथे सत्तरीचा माणूस दुखऱ्या गुडघ्यांवर वाकून त्याच्या पायावर डोकं ठेवत होता.

सहा रात्री बाबा उभे राहिले. काला झाला, दहीहंडी फुटली, रोडगे आणि वांग्याच्या भाजीची पंगत उठली, आणि तिसऱ्या दिवशी माळ पुन्हा खुंटीला.

आता तुम्हाला वाटत असेल की पुढे सुधारल्याची गोष्ट येते. नाही येत. चौदा वर्षं हे असंच चाललं. आधी वर्षातले ते सात दिवस, मग त्यात एकादश्या जोडल्या गेल्या, मग चातुर्मास, तोही कधी पुरा, कधी अर्धवट. कौंडण्यपूरच्या पालखीबरोबर बाबा दोनदा पंढरपूरला पायी निघाले. एकदा पोचले. एकदा वाटेतूनच परत आले आणि महिनाभर गावात कुणाला तोंड दाखवलं नाही. तरी पुढच्या माघात दोन ते चार त्यांच्याच नावावर. बुवांनी यादी दुसऱ्याला लिहू दिली नाही.

१९९८ च्या तान्ह्या पोळ्यानंतर आठ दिवसांनी बाबा गेले. बैलगाडीतून रस्त्यापर्यंत नेलं, दवाखान्यापर्यंत पोचलेच नाहीत. माळ खुंटीला होती. म्हणजे काय ते तुम्ही समजा. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा, बाप झालेला, आणि माझ्या डोक्यात एकच किडा : माळ खुंटीला असताना गेलेल्या माणसाचं काय होत असेल? दशक्रियेला नदीवर बुवा आले होते, काठी टेकत. त्यांना विचारलं. ते बराच वेळ पाण्याकडे पाहत राहिले आणि म्हणाले, “माळ त्यानं काहाडली होती बापू. देवानं कुठं काहाडली?”

हे काही बुवांच्या पदरचं नव्हतं. दर सप्ताहात हेच ऐकायला आपण वर्गणी काढून कीर्तनकार बोलावतो. (यंदाच्या बिदागीचा आकडा मी पाहिला. त्यावर पुन्हा कधी.) पुंडलिकाचं आख्यान ऐकलं नाही असा माणूस आपल्या गावात नसेल. पण ते अर्धंच ध्यानात राहतं. आईबापाची सेवा करणारा पुंडलिक लक्षात राहतो, पाय दाबता दाबता मागे न बघता वीट फेकणारा. त्याच्या आधीचा विसरतो. कीर्तनकार सांगतात त्याप्रमाणे हा पोरगा बायकोच्या नादी लागलेला, म्हाताऱ्या आईबापाला हिडीसफिडीस करणारा. काशीला निघाला तर आपण घोड्यावर आणि ती दोघं मागे पायी. कुक्कुटमुनींच्या आश्रमात पहाटे मळक्या लुगड्यांतल्या तीन बाया झाडलोट करताना त्याला दिसल्या आणि बाहेर निघाल्या तेव्हा उजळलेल्या. त्या गंगा, यमुना, सरस्वती. त्यांनी त्याला झापलं, तेव्हा कुठे त्याचे डोळे उघडले.

देव त्याच्याकडे आला तो यानंतर. आणि आला तो उभाच राहिला, अठ्ठावीस युगं, त्या पोराने फेकलेल्या विटेवर. विटेवर उभं राहण्याआधी देवाने पुंडलिकाकडे आधीच्या वर्षांचा दाखला मागितला असं एकाही कीर्तनकाराने मला सांगितलेलं नाही. उलट आपण जयजयकार करतो तेव्हा आधी नाव घेतो ते पुंडलिकाचं. हरी नंतर, विठ्ठल नंतर. सव्वीस पोरं गळ्याच्या शिरा ताणून ‘पुंडलिक वरदा’ म्हणून ओरडतात ती आईबापाला छळलेल्या आणि मग वळलेल्या माणसाच्या नावाने ओरडतात. अजामिळाचंही तसंच. सगळं आयुष्य वाया घालवलेला माणूस, मरताना पोराला हाक मारतो, पोराचं नाव नारायण, आणि तेवढ्या हाकेवर विष्णूचे दूत धावत येतात. हाक देवाला नव्हतीच मुळी! तरी आले. देवाचा हिशेब हा असा, आणि आपल्या समितीचा फॉर्म तो तसा.

बैठकीत तुमच्यापैकी एकाने गाडगेबाबांचा दाखला दिला. बाबा दारूच्या किती विरोधात होते, म्हणून हा नियम. पाचव्या दिवशी आपण त्यांच्या नावाने गाव झाडतो तेव्हा त्यांच्या फोटोखाली फक्त जन्म-मृत्यूच्या तारखा असतात : २३ फेब्रुवारी १८७६, २० डिसेंबर १९५६. बाकीचंही सांगायला हवं होतं. अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावात परटाच्या घरी जन्मलेला डेबू. बाप झिंगराजी दारूपायी गेला, पोरगं लहान असतानाच. माय त्याला घेऊन मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला, भावाच्या घरी आली. तिथे त्याने गुरं राखली, शेती केली, आणि गुरं राखणाऱ्या पोरांबरोबर भजनं केली.

आता आपला फॉर्म त्या डेबूच्या हातात द्या. वडील माळकरी आहेत काय? नाही. घरात कोणी व्यसनी? होता, त्यातच मेला. डेबूला मंडपात बसून ऐकायला सांगितलं असतं आपण.

आणि हो, बाबा दारूवर तुटून पडायचे. पोरीच्या बारशाला जातभाईंना दारू-मटणाची पंगत द्यायची रीत होती, ती त्यांनी मोडली आणि साधं गोडधोड वाढलं. पण दारू पिणाऱ्याच्या गावात ते झाडू घेऊन शिरायचे, दिवसभर त्याची गटारं साफ करायचे आणि रात्री त्यालाच समोर बसवून कीर्तनात प्रश्न विचारायचे. पिणारा समोर हवा होता त्यांना. तुम्ही त्याच्या पोरालाही समोर येऊ देत नाही.

आपल्या जिल्ह्यात तर दार उघडण्याचीच परंपरा. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर जमनालाल बजाजांनी १९२८ साली सर्वांसाठी खुलं केलं. पंढरपूरचं विठ्ठलाचं दार उघडायला १९४७ उजाडलं, तेही साने गुरुजी उपाशी बसले तेव्हा. त्या दाराबाहेर चोखोबांची समाधी आहे; चोखोबा आपल्याच विदर्भातले, देऊळगाव राजाजवळच्या मेहुणा राजाचे. त्यांच्या घराकडे बघा जरा. बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळ्यांनी अभंग रचले. आणि त्यातला कर्ममेळा देवाशी सरळ भांडतो. असा जन्म आम्हाला का दिलास, म्हणून जाब विचारतो. बापाने आयुष्य ज्याच्या दारात काढलं त्यालाच पोरगा फैलावर घेतो. वारकऱ्यांनी ते भांडण पुसून टाकलं नाही. बापाच्या अभंगांशेजारी पोराची तक्रारही गाथेत जपून ठेवली.

मुलांना श्रद्धा कशी द्यायची, यावर तुमचा प्रश्न असतो, आणि तो खरा आहे. आजच्या पोरांच्या हातात मोबाइल आहे, घरातलं वातावरण बरोबर नसेल तर देवळात कितीही शिकवा, असं सचिव म्हणाले. मीही एके काळी असंच म्हणायचो. मुलगा दहा वर्षांचा झाला तेव्हा मी त्याच्या गळ्यात माळ घातली. विचारलं नाही, घातली. माझा बाप जसा होता तसं माझ्या घरात काही दिसू नये, एवढाच माझा हट्ट. पहाटे उठवायचो, हरिपाठ चुकला तर चहा बंद. बाराव्या वर्षी त्याने माळ काढून माझ्या उशाशी ठेवली आणि शाळेत निघून गेला. आम्ही सहा महिने नीट बोललो नाही.

माझंही सांगून टाकतो, कारण आता पत्र उघडं आहेच. माझी माळ दोनदा तुटली. एकदा सूत कुजलं म्हणून. एकदा बोंडअळीच्या साली, २०१७ मध्ये, पऱ्हाटीवर नांगर फिरवल्यानंतर, मीच ओढून तोडली. दारू प्यालो नाही, पण आठ महिने देवळाची पायरी चढलो नाही. हरिपाठ शिकवणारा माणूस रोज संध्याकाळी देवळावरून मान खाली घालून शेतात जायचा. त्या आठ महिन्यांत हरिपाठ थांबला नाही, हे तुम्हाला आठवतं का? मोठ्या मुलींनी तो चालवला. मी परत आलो तेव्हा कोणी काही बोललं नाही. एका मुलीने टाळ आणून दिला आणि माझी जागा सोडून बाजूला सरकली. तेव्हा माझ्याकडून कोणी फॉर्म भरून घेतला नव्हता.

माझा मुलगा आता चाकणला कंपनीत आहे. शिफ्ट ड्युटी. एकादशी कधी असते ते त्याला मायला फोन करून विचारावं लागतं. मागच्या दिवाळीत आला तेव्हा म्हणाला, बाबा, मले एक माळ पाह्यजे. मला कोण आनंद झाला! पंढरपूरहून आणलेली नवी, बारीक मण्यांची माळ मी त्याच्यासाठी दहा-बारा वर्षं डब्यात जपून ठेवली होती. ती काढून दिली. त्याने हातात घेतली, परत ठेवली. म्हणाला, ही नाही. आबाजीची. ते सुतळीवाली.

माळ अजून त्याच खुंटीला होती. घर पक्कं बांधलं तेव्हा मायने ती भिंत पाडू दिली नव्हती. आबाजी गेले तेव्हा हा दोन वर्षांचा. त्याला ते आठवतही नाहीत. पण आजीने त्याला खुंटीपासून विस्तवापर्यंत सगळं सांगितलं होतं, एवढ्या वर्षांत एक शब्द न गाळता, माझ्या प्रतापासकट. नऊ मणी कमी असलेली, काळी पडलेली माळ घेऊन तो चाकणला गेला. गळ्यात घालतो की नाही, मी विचारलेलं नाही. फॅक्टरीत चालत नसेल. खोलीत खिळा असेल एखादा.

तर मला काय म्हणायचं ते. फॉर्म रद्द करा. तो पोरगा टाळ घेऊन पहिल्या रांगेत उभा राहील, कारण मला पुढची ओळ देणारा दुसरा कोणी नाही. बाकीच्या पंचवीस जणांना मी वेगळं काही विचारणार नाही. त्यांनी घरच्यांच्या लाजेपोटी लिहिलं, त्यांच्यावर ती पाळी आपणच आणली. व्यसनाचा विषय घ्यायचाच असेल तर तुकडोजी महाराजांच्या सामुदायिक प्रार्थनेनंतर रोज अर्धा तास त्यावर बोला, मी सतरंज्या टाकतो. दारूच्या गुत्त्याविरुद्ध अर्ज द्यायचा असेल तर पहिली सही माझी. आणि जाता जाता एक : यंदाच्या वर्गणीच्या पावत्या मी पाहिल्या आहेत. तिथे, देणारा व्यसनी आहे काय, असा रकाना कुठे दिसला नाही. गुत्ता चालवणाऱ्याच्या नावाची पावती मात्र दिसली, आकडाही मोठा. ते पैसे परत करा असं मी म्हणत नाही. त्या पैशाची भाजी सगळं गाव खाणार आहे. त्याच भाजीत त्या पोराच्या टाळाला जागा व्हावी, एवढंच.

पहाऱ्याची यादी परवा देवळाच्या भिंतीवर लागली. मी वाचली. संध्याकाळी सहा ते आठला पाच नावं आणि त्यावर खाडाखोड. रात्री दोन ते चारपुढे नेहमीसारखी कोरी जागा, सातही दिवस.

त्या पोराच्या बापाकडे मी काल सकाळी गेलो होतो. सकाळीच, कारण संध्याकाळी उपयोग नव्हता. तो गोठ्यात शेण भरत होता. मी त्याला बुवांनी माझ्या बापाला सांगितलं तेच सांगितलं, त्याच शब्दांत. तो मान वर न करता म्हणाला, समिती मले उभं करन का? मी म्हटलं, समितीचं मी पाहतो. मग त्याने विचारलं, अन् नाही आलो त?

माझे गुडघे अजून बरे आहेत. तरी नाव त्याचं लिहा, पेन्सिलने लिहिलं तरी चालेल. मी दीड वाजता मंडपात असेन.

आपला,
हरिपाठवाला मास्तर
माघ सप्ताहाच्या तोंडावर